नजरचूक

मंडळाची बैठक अकराची, सुरू झाली पावणेबाराला.
पाटोच्या तिसऱ्या मजल्यावर एसी गळत होता,
त्याखाली बादली, बादलीत
मागच्या बैठकीची कार्यसूची भिजत पडलेली.

मुद्दा क्रमांक एकोणीस.
रेजिना कुतिन्यो, मानसवाडा. एकशे चाळीस चौरस मीटर.
मुलाचं लग्न ठरलंय, एक खोली वाढवायची आहे.
जागा खाजनाच्या कडेला, निळ्या रेघेच्या जेमतेम आत.
एक सदस्य म्हणाले, पर्यावरणाचं काय?
सगळे गंभीर झाले.
काजूची बशी फिरली. मीठ जरा जास्त होतं.
'पुढील बैठकीत विचारार्थ.'
हे मी पाचव्यांदा लिहिलं,
आता हात मला न विचारता लिहितो.

मुद्दा क्रमांक वीस.
सर्व्हे नंबर एकशे बारा, पोटविभाग एक ते सात,
तेवीस हजार चौरस मीटर डोंगरउतार.
कंपनी दिल्लीची, वकील मडगावचे,
अर्जाची भाषा लग्नपत्रिकेसारखी नम्र :
जुना आराखडा करताना सदर जमीन
नजरचुकीने हिरवी रंगवली गेली आहे,
ती पिवळी करून उपकृत करावे.

ती हिरवी मी रंगवली होती.
नोकरीचं दुसरं वर्ष, सांडलेल्या चहाचा डाग लपवत,
तीन नंबरच्या ब्रशनं.

पाहणीलाही मीच गेले, चैत्रात.
पुनो गावडे वाट दाखवायला पुढे,
बोंडांचा वास कपड्यांत शिरून बसलेला.
काजू एकसष्ट मोजले.
बासष्टावा अर्धा वाळलेला, त्यावरून आमचा वाद झाला,
पुनो म्हणाला, माझा बापूय शेवटी असाच होता,
त्याला काय मोजायचं नव्हतं?
बासष्ट लिहिले.
मग वळणावर तो थांबला, चपला काढल्या.
रोयण. माझ्या डोक्याहून उंच वारूळ,
कुंकू, कालची अबोलीची वेणी,
एका बाजूनं ओली ताजी माती वर चढत असलेली.
मीही चपला काढल्या. खडे टोचत होते.
तो म्हणाला, हिला कुठल्या रकान्यात घालशी?

रकाने असे : झाडे. विहीर. बांधकाम. इतर.
इतरमध्ये लिहिलं, रोयण, एक. उंची अंदाजे सात फूट.
वापरात आहे काय? होय.
काम चालू आहे.

'इतर' पानाच्या मागच्या बाजूला येतं.
बैठकीत पान कुणी उलटलं नाही.
मी घसा खाकरला,
अध्यक्षांनी माझ्यासमोर पाण्याचा ग्लास सरकवला.
मी पाणी प्यायले.
चार मिनिटांत मंजूर.

हल्ली रंगाची बादली पडद्यावरच असते.
एक टिचकी, आणि पिवळा आपला आपण
कडेपर्यंत पसरतो, कुठेच अडखळत नाही.

खाली बाकावर रेजिना बसली होती,
मांडीवर फाइल, फाइलवर पावाची पिशवी.
म्हजें कितें जालें गे बाय?
फुडल्या मिटिंगेक, मी म्हटलं.
ती हसली. म्हणाली, लग्न झालं की दोघांना देते बाल्कांवावर निजायला,
मच्छरदाणीला परवानगी लागत नाही ना?
आणि दोन उंडे माझ्या हातात कोंबले.
ते घ्यायला नको होते.

संध्याकाळी सगळे गेल्यावर कपाट उघडलं.
जुना कापडी नकाशा, घडीवर फाटलेला,
एकशे बारा अजून हिरवा, चहाचा डाग अजून दिसतो.
आणि डागाच्या वर, वळणाशी,
मोहरीएवढं कोरं टिंब.

आठवलं. भूमापकाच्या वहीत तिथं खूण होती,
साहेबांना विचारलं, हिला कोणता रंग?
सूचीत बघ, ते म्हणाले.
सूचीत नव्हता.
मग मी ब्रश त्याच्या भोवतीनं फिरवला,
श्वास रोखून, एकवीस वर्षांची मुलगी.

बोट लावलं.
तिथं कापड जरा खरखरीत लागतं.